कावेरीकाठची फार्गो

उळवन एक्स्प्रेस कुंभकोणमला पोचते तेव्हा उजाडलेलं नसतं. उळवन म्हणजे शेतकरी. चेन्नईच्या एळुंबूर स्टेशनातून रात्री निघालेली ही गाडी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून तंजावरला जाते. मी उतरले तेव्हा फलाट ओला होता आणि बाहेरच्या टपरीवर पितळी दवऱ्यातून टंबलरमध्ये कॉफी वरखाली होत होती. इथली ‘डिग्री कॉफी’ आता हमरस्त्यांवरच्या पाट्यांवर गावोगाव दिसते. ती इथेच प्यावी, ताज्या दुधाची, पहिल्या डिकॉक्शनची, आणि उभ्यानेच.

कुंभकोणमला लोक देवळांसाठी येतात. मीही देवळं पाहिली, पण मला इथे आणलं ते एका मोटारीच्या नावानं. माझे वडील साठच्या दशकात कोल्हापूर भागातून मुंबईला गूळ वाहणारा ट्रक चालवत. त्या ट्रकचं नाव फार्गो. घरात ‘ट्रक’ असं कुणी म्हणतच नसे. ‘फार्गो आली का?’, ‘फार्गो पाटे तोडून बसलीय’ असंच बोलणं. माझ्या कल्पनेत फार्गो ही घरातलीच, जरा हट्टी स्वभावाची एखादी आत्या होती. पुढे वडिलांच्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं, की फार्गो पाहायच्या त्या मद्रासकडे, तिकडे तिच्यावर बस बांधत. हे वाक्य डोक्यात राहून गेलं.

फार्गो म्हणजे काय, याचा शोध घेतला तेव्हा मी चकित झाले. १९१३ साली शिकागोत या नावाची एक मोटार कंपनी निघाली आणि विसाचं दशक सुरू होता होता बुडाली. म्हणजे पुरती दहा वर्षंही नाही. त्यात नवल काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेत हजाराहून अधिक लोकांनी मोटारी बनवायला घेतल्या. कुणी सायकलवाला, कुणी बग्गीवाला, कुणी शिवणयंत्रांचा कारखानदार. बहुतेकांचं दुकान काही वर्षांत मिटलं. इंजिन एकाकडून, गिअर दुसऱ्याकडून, चाकं तिसऱ्याकडून आणून जोडणी करायची आणि पुढे आपल्या नावाची पट्टी ठोकायची, अशी त्यातल्या कित्येकांची रीत होती. हेन्री फोर्डनं १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली, गाडीच्या किमती खाली आल्या आणि या छोट्यांचा श्वास कोंडला. मोठी नावंही सुटली नाहीत. लुई शेवरोलेनं १९११ मध्ये विल्यम ड्युरंटबरोबर कंपनी काढली आणि दोनच वर्षांत तो तिच्यातून बाहेर पडला. नाव मात्र आजतागायत गाड्यांवर आहे. डॉज बंधू दोघेही १९२० या एकाच वर्षात वारले. १९२५ मध्ये त्यांची कंपनी बँकवाल्यांनी १४ कोटी ६० लाख डॉलरना घेतली आणि १९२८ मध्ये ती क्रायस्लरच्या पदरात पडली.

त्याच १९२८ साली क्रायस्लरनं फार्गो हे मिटलेलं नाव उचललं आणि आपल्या ट्रकांना दिलं. अमेरिकेत ते फार टिकलं नाही, तिसाच्या दशकातच मागे पडलं. पण अमेरिकेबाहेर त्याला दुसरा जन्म मिळाला, आणि त्याचं कारण अगदी दुकानदारीचं होतं. क्रायस्लरच्या निरनिराळ्या गाड्या विकणारे विक्रेते वेगवेगळे. डॉज विकणाऱ्याकडे डॉजचा ट्रक असे, पण प्लिमथ विकणाऱ्याला ट्रक कुठला द्यायचा? मग तोच ट्रक, तेच इंजिन, तोच सांगाडा, पुढची पट्टी तेवढी ‘फार्गो’. आपल्याकडे डॉज, डिसोटो आणि फार्गो या तीन नावांनी फिरणारे ट्रक सख्खी भावंडं होती ती यामुळे. तरी वडील डॉजवाल्यांशी तासन्‌तास वाद घालत, की फार्गो ती फार्गोच.

१९२८ हे वर्ष मुंबईच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जनरल मोटर्सनं शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला आणि डिसेंबरात तिथून पहिली शेवरोले बाहेर पडली. पेट्यांत भरून सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. फोर्डची भारतीय कंपनी त्याआधी दोन वर्षं, १९२६ मध्ये, निघाली होती, तीही थेट अमेरिकेची नव्हे तर कॅनडाच्या फोर्डची शाखा म्हणून. साम्राज्यातल्या देशांचा व्यवहार कॅनडाकडे, अशी ती वाटणी होती. गाडी इथेच घडवायची, नुसती जोडायची नाही, हा हट्ट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा. विश्वेश्वरय्यांनी योजना मांडली होती, फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमलं. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं हात आखडता घेतला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ पासून कुर्ल्याहून गाड्या निघू लागल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशननं नुसत्या जोडणीवाल्यांना इथे जागा नाही असं ठरवलं, तेव्हा जनरल मोटर्सनं शिवडी सोडली. १९२८ ते १९५४. सव्वीस वर्षांचा हा अमेरिकन कारखाना आज शिवडीत किती जणांना आठवतो?

कुर्ल्याहून निघालेली फार्गोची उघडी चासी चालवत नेणं हे वेगळंच काम होतं. बॉडी नाही, दार नाही, टप नाही. लाकडी खोक्यावर बसायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि शेकडो मैल कापायचे. पुढे फार्गो आणि डॉजमध्ये पेट्रोलचं इंजिन जाऊन पर्किन्स पी-६ हे डिझेल इंजिन बसू लागलं. ते मद्रासची सिंप्सन कंपनी बनवत असे. १८४० साली बग्ग्या बांधणारी म्हणून सुरू झालेली, मोटारयुगाच्या आरंभी वाफेची गाडी बांधून पाहिलेली ही कंपनी. म्हणजे नाव शिकागोचं, आराखडा डेट्रॉइटचा, चासी कुर्ल्याची, इंजिन मद्रासचं आणि वरची बॉडी ज्या गावात बस धावायची त्या बाजूच्या सुताराची. बसला माहेरं पाच, आणि राहायला ती कावेरीकाठी.

हे सगळं डोक्यात घेऊन मी कुंभकोणमच्या रेल्वे स्टेशन न्यू रोडवर उभी होते. तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम विभागाचं मुख्यालय इथे आहे. एका तालुक्याच्या गावात एवढं मोठं कार्यालय का, असा प्रश्न पडतो. तिरुची, करूर, पुदुक्कोट्टै, कारैक्कुडी, नागपट्टिणम इथल्या गाड्यांचा कारभार या गावातून चालतो. याचं उत्तर खासगी बसमालकांच्या काळात आहे. रामन अँड रामन आणि श्रीराम विलास सर्व्हिस या दोन बस कंपन्या कुंभकोणमच्या. आपल्याकडे १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी एसटी सुटली आणि खासगी बसगाड्यांचे दिवस भराभर संपले. मद्रास राज्यानं शहरातल्या बसगाड्या ताब्यात घेतल्या, पण जिल्ह्यांतल्या गाड्या आणखी जवळजवळ पाव शतक मालकांच्या हाती राहिल्या. १९७२ मध्ये मोठ्या ताफ्यांच्या बसगाड्या सरकारकडे गेल्या आणि महामंडळांना जुन्या राजवंशांची नावं मिळाली. चेन्नईला पल्लवन, मदुरैला पांडियन, कोइमतूरला चेरन, आणि कुंभकोणमला चोळन. १९९७ मध्ये ही नावं काढून साधी सरकारी नावं दिली गेली. गावातले वयस्कर लोक मात्र अजून ‘चोळन’ म्हणतात.

आणि १९७२ हेच साल कॅनडात फार्गो या नावाचा शेवट करणारं. शिकागोत एकदा मेलेलं नाव दुसऱ्यांदा गेलं त्या वर्षी कुंभकोणमच्या मालकांच्या पाट्या उतरल्या. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी ते साल मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

ज्यांना भेटायचं होतं ते आजोबा सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत राहतात. एका खासगी बस कंपनीच्या कारखान्यात ते फिटर होते, आता नव्वदीच्या घरात आहेत. घरात मराठी बोलतात. तंजावरला एकोजीराजांच्या, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या सावत्र भावाच्या, घराण्याचं राज्य १८५५ पर्यंत होतं. त्या काळात आलेली देशस्थ आणि मराठा कुटुंबं या पट्ट्यात टिकून आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमात जन्मले. आजोबांची मराठी ऐकताना पहिली पाच मिनिटं मला काही उमगेना. शब्द ओळखीचे, चाल तमिळ, आणि मधूनच माझ्या पणजीच्या तोंडचा एखादा शब्द. मग कान बसला. त्यांनाही माझी मराठी फार भरभर वाटत होती.

“फार्गो?” ते म्हणाले आणि उजवा हात आपोआप गिअर टाकल्यासारखा हलला. पुढचा तासभर त्यांनी मला बस कशी बांधतात ते सांगितलं. चासी आली की आधी सुतार यायचा, फिटर नंतर. सागवानाचे आडवे पाट चासीला यू-बोल्टांनी आवळायचे. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये जुन्या टायरचा किंवा पट्ट्याचा तुकडा घालायचा, नाहीतर महिन्याभरात करकर सुरू होते. मग उभे खांब, टपाच्या कमानी, बाहेरून पत्रा. पत्रा ठोकताना खिळा लाकडाच्या रेषेत गेला की लाकूड फुटतं, म्हणून जागा बदलत ठोकायचा. सांगाडा घट्ट बांधला तर तो मोडतो. रस्ता हलवील तसं त्याला हलता आलं पाहिजे. हे सांगताना त्यांनी दोन्ही पंजे एकमेकांत गुंतवून पिळून दाखवले. लोखंडी बॉडी आली तेव्हा सुतार बाजूला पडले, याचं दुःख त्यांना अजून आहे. आज या विभागात बसबांधणीचं मोठं केंद्र पश्चिमेला करूरकडे आहे. तिथे दाराशी उभ्या असलेल्या चासींच्या रांगा रेल्वेतूनही दिसतात, असं ते म्हणाले.

युद्धाच्या वेळी ते लहान होते, तरी कोळशावरच्या बसगाड्या त्यांना स्वच्छ आठवतात. पेट्रोलचं रेशन झाल्यावर बसच्या मागे लोखंडी पिंप बसवलं जाई. त्यात लोणारी कोळसा भरायचा, खाली विस्तव घालायचा आणि क्लीनरनं हातानं पंखा फिरवायचा. हवा बेताची मिळाली की कोळसा पुरता जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तोच गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. मदुरैच्या टीव्हीएसनं असे गॅस प्लँट तयार केले होते. याच टीव्हीएसचे संस्थापक सुंदरम अय्यंगार यांनी तंजावर–पुदुक्कोट्टै या रस्त्यावर बस सुरू करून धंद्याला आरंभ केला होता. गॅसवर गाडीची ताकद बरीच उतरायची. आपल्या घाटांत अशा गाड्यांतून उतारू उतरून ढकलत, हे मी घरी ऐकलं होतं. मी विचारलं तेव्हा आजोबा हसले. इथे चढ आहेच कुठे? मैलोगणती भाताची सपाट खाचरं. गाडीला दम लागायचा तो फक्त पुलांवर, कारण पाटांवरचे पूल मधोमध उंच बांधलेले. पहाटेच्या ट्रिपेला पंखा फिरवून फिरवून पोरांचे खांदे भरून यायचे, आणि चुकून पिंपाजवळ झोपलेल्या क्लीनरला त्या वायूनं भोवळ यायची.

या सपाटपणाचं महत्त्व मला तिथे समजलं. कावेरी इथे बोटं पसरल्यासारखी फुटते. कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, आणि मध्ये पाटांचं जाळं. प्रत्येक दोन-चार मैलांवर देऊळ आणि बाजार असलेलं गाव. रेल्वे होती, पण ती एका रेषेत जाणार. त्यातही १९२९ मध्ये विळुप्पुरमहून तिरुचीला थेट जाणारा कॉर्ड मार्ग झाला आणि लांबच्या अनेक गाड्या या जुन्या ‘मेन लाइन’ला सोडून तिकडून धावू लागल्या. राहिलेल्या गावांना जोडलं ते बसनं. भाताची पोती, केळीचे घड, विड्याच्या पानांच्या करंड्या, शाळेची पोरं, नवरीकडचं वऱ्हाड. अशा मुलखात अमेरिकेहून आलेला साधा, दणकट, कुठल्याही फिटरला उघडता येईल असा सांगाडा रुजला नसता तरच नवल.

आजोबांनी उठून कपाटातून एक कापडाची पुरचुंडी काढली. आत पत्र्याची पट्टी होती, एका टोकाला दुमडलेली. त्यावर इंग्रजी पाच अक्षरं, रंग उडालेला. गाड्या रंगवायला घेतल्या तेव्हा रंगाऱ्यानं उतरवून टाकलेली ही पट्टी त्यांनी घरी आणली होती. मी ती हातात घेतली आणि मला बोलता येईना. वडिलांच्या ट्रकवर हीच पट्टी होती, आणि लहानपणी मी तिच्यावरूनच इंग्रजी अक्षरं शिकले. कुर्ल्याचा कारखाना आता कसा आहे, असं त्यांनी विचारलं. तिथे पुढे फियाट बनू लागली, पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या उरल्यासुरल्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या, हे मी सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “पी-६ चांगलं होतं.”

बाहेर पडल्यावर सारंगपाणीच्या देवळात गेले. इथलं गर्भगृहच रथाच्या आकाराचं आहे, चाकं, घोडे, हत्ती दगडात कोरलेले. जवळच्या दारासुरमला बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वराच्या मंडपालाही चाकं आणि घोडे आहेत. हा मुलूख देवालाही वाहनाशिवाय ठेवत नाही. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच गणिती रामानुजनचं छोटं घर आहे, ओसरी, मधली खोली, मागे विहीर. ते आता जपलेलं आहे. इंग्लंडात आजारी असलेल्या रामानुजनला भेटायला हार्डी ज्या टॅक्सीतून गेले, तिचा नंबर १७२९ जगाला पाठ आहे, कारण एक आणि बारा, नऊ आणि दहा अशा दोन जोड्यांच्या घनांची बेरीज तेवढीच येते. कुंभकोणमच्या माणसाशी जोडलेली ती सगळ्यांत प्रसिद्ध मोटार लंडनची. इथल्या बसगाड्यांचे नंबर मात्र आजोबांसारख्यांच्या डोक्यात आहेत आणि त्यांच्याबरोबर जाणार आहेत. देवळांचा या गावानं फार चांगला सांभाळ केला. एखादं शेड, त्यात एक लाकडी बॉडीची बस, एक कोळशाचं पिंप, परमिटांच्या फायली आणि अशी दोन-चार माणसं बसवून त्यांचं बोलणं टिपणारा कुणी, एवढं झालं तरी पुष्कळ होईल. हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

परमिटांच्या फायली म्हणते, कारण त्या रंजक आहेत. १९३९ च्या मोटर व्हेइकल्स कायद्यानंतर कुठल्या रस्त्यावर कुणाची बस धावणार हे परमिट ठरवू लागलं, आणि परमिट ही जमिनीसारखी भांडणाची वस्तू झाली. रामन अँड रामन विरुद्ध मद्रास राज्य हा १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना परिचित आहे. वाद कशाचा, तर साळियमंगलम ते कुडवासल या रस्त्यावरच्या एका बसच्या परमिटाचा. दोन खेडवळ गावांमधली एक बस दिल्लीपर्यंत गेली. सरकार परिवहन अधिकाऱ्यांना जे आदेश काढतं ते कायदा ठरतात की नुसत्या कारभाराच्या सूचना, हा प्रश्न होता. त्या सूचनाच, कायदा नव्हे, असं न्यायालयानं सांगितलं. एका ट्रिपेच्या कमाईवर केवढं अवलंबून होतं, ते यावरून समजावं.

मग कुडवासलला जायलाच हवं होतं. “खासगी बसनं जा, डावीकडे बस,” आजोबांनी बजावलं होतं. छोट्या मालकांच्या बसगाड्या या भागात अजून धावतात. रंगीत, आरशांना फुलांची माळ, तमिळ गाणी मोठ्यानं. बस अरसलार ओलांडून निघाली. नाच्चियारकोविलला थांबली तेव्हा डाव्या हाताला पितळी दिव्यांची दुकानं लागली. उंच समया, वर हंस, आणि मागे कुठेतरी कानस घासण्याचा आवाज. दोन बायका कागदात गुंडाळलेली एक समई घेऊन चढल्या आणि कंडक्टरनं ती इंजिनाच्या झाकणावर मुलासारखी उभी करून ठेवली. पुढे खाचरांत पाणी भरलेलं, बगळे, पाटाच्या कडेनं चाललेला रस्ता. प्रत्येक पुलावर गाडी किंचित उचलली जाई आणि पोटात हलकंसं होई. तेव्हा आजोबांचे पिळलेले पंजे आठवत.

प्रलयानंतर अमृताचा कुंभ फुटला, त्याचा मुख्य भाग पडला ते कुंभकोणम आणि तोंडाचा काठ पडला ते कुडवासल, अशी इथली कथा आहे. गाव लहान. कोणेश्वराचं देऊळ उंच चौथऱ्यावर, हत्तीला चढता येऊ नये अशा बांधणीचं. स्टँडवर दोन बसगाड्या उभ्या होत्या, एक सरकारी, एक खासगी. खासगी बसचा क्लीनर पुढच्या काचेवर पाणी मारत होता. साळियमंगलमची बस आहे का, मी विचारलं. त्यानं मान हलवून कुंभकोणमच्या दिशेनं बोट केलं आणि बादलीतलं उरलेलं पाणी चाकांवर ओतलं. चहाच्या गाड्यावर एक म्हातारा शाळेतल्या नातवाला सोडायला उभा होता. मी वहीतून फार्गोच्या पट्टीचा काढलेला आकार त्याला दाखवला. त्यानं तो लांब धरून पाहिला, मग नातवाकडे वळून तमिळमध्ये काहीतरी सांगू लागला, आणि सांगताना त्याचा उजवा हात गिअर टाकल्यासारखा हलला.

कंडक्टरनं शिट्टी दिली. डावीकडची खिडकी रिकामी होती.